भोरला रेल्वे आली की

मालगाडीचे मधले डबे वळणावर आतल्या बाजूला कलंडले, तसं अन्वरभाईंनी बटण बंद केलं.

"पडली का?" साबिरानं आतून विचारलं.

"पडली."

"मग चहा टाकते."

दानिशनं हळहळून मान हलवली. "जाऊ दे, अब्बा. पुढच्या रविवारी."

भोरच्या त्या घरात बैठकीची खोली म्हणावी असं काही उरलं नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल, त्यावर खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ, पुठ्ठ्याचे डोंगर आणि काडेपेटीएवढं 'भोर जंक्शन'. पाहुण्याला चहा द्यायचा तर बोगद्यावरून हात लांब करावा लागे.

सुरुवात अन्वरभाईंच्याच तोंडानं झाली होती. जन्मभर एसटी चालवून ते घरी बसले, तेव्हा दानिश म्हणाला, "आता पुण्याला आमच्याकडं राहायला चला." अन्वरभाई म्हणाले, "भोरला रेल्वे आली की येतो." तालुक्यात रेल्वे नाही आणि यायची चिन्हंही नाहीत, तेव्हा नकार पक्का होता. पण पुढच्या खेपेला दानिशनं खेळण्यातलं इंजिन आणि डबे आणले. "घ्या, आली रेल्वे." चारचौघांत हसं झालं. मग अन्वरभाईंनी अट घातली : असतील तेवढे सगळे डबे जोडून, एकही न पडता, गाडीची पूर्ण फेरी झाली की सामान बांधायचं.

तेव्हापासून दानिश येताना दर वेळी डब्यांचं नवं खोकं आणायचा. बापाचा नाद पुरवणारा मुलगा, असं गल्लीत नाव झालं होतं. गाडी लांबत लांबत इतकी झाली की इंजिन डोंगर ओलांडून परत जंक्शनाजवळ यायचं, तरी गार्डाचा डबा फलाटावरून हललेला नसायचा.

विंझरच्या वरच्या वाडीतला रायबा एके काळी अन्वरभाईंच्या एसटीच्या टपावर शेरडं चढवायचा. नसरापूरला बकरं विकायला आला की अजूनही इकडं डोकवायचा.

"अन्वरभाई, थोडं डबं काडून ठिवा की. कुनाला कळतंय?"

"तसं नाही चालायचं, रायबाकाका," दानिशच म्हणाला. "अब्बांचा शब्द आहे. सगळी गाडी म्हणजे सगळी गाडी."

"पोरगं बापावर गेलंय," रायबा म्हणाला आणि चहा ओढू लागला.

त्या आठवड्यात साबिरा न्हाणीत घसरली. मोडलं काही नाही, पण तिला उठवायला शेजारची सगुणाबाई बोलवावी लागली. संध्याकाळी कंबर शेकता शेकता ती म्हणाली, "अवो, खरं सांगा. गाडी तुमीच पाडताय न्हवं?"

अन्वरभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पयल्यांदा पाडली. वळनावर जरा जोरात सोडली की पडती."

"आन आता?"

"आता आपली आपन पडती. लई लांब झालीय."

साबिरानं शेकायचं फडकं बाजूला ठेवलं. "म्या दमले. पानी भरून दमले, चूल सांभाळून दमले. मला पोराकडं जायचंय. तुमास्नी न्हाई वाटत?"

"वाटतं गं. मी काय लोखंडाचा हाय?"

"मग चालवा की गाडी नीट. जलमभर वरंध घाट चढवलात, माणसं भरून. हे खेळण्यातलं डबं चालवता येत न्हाईत व्हय?"

हे लागलं. अन्वरभाई खरोखर कामाला बसले. मधल्या आणि मागच्या हलक्या डब्यांत जुने नट टाकून वजन केलं. वळणावरचे रूळ बाहेरून जरा उचलले. दुसरं इंजिन गाडीच्या मधोमध लावलं, म्हणजे सगळी ओढ पुढच्यावर यायला नको. शनिवारी दुपारी गाडी पूर्ण फिरली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. साबिरानं कोंबड्या सगुणाबाईला देऊन टाकल्या आणि भांडी पोत्यात भरली.

रविवारी दानिश नवं खोकं घेऊन आला. दारातली पोती बघून थबकला.

"हे काय, अम्मी?"

"रेल्वे यायची हाय आज."

"वा!" दानिश हसला. नवे डबे त्यानं स्वतःच शेपटाला जोडले. वळणापाशी खुर्ची ओढून बसला. बकरं विकून आलेला रायबा जंक्शनापाशी उभा राहिला. साबिराची कंबर अजून धरत होती, ती भिंतीकडेच्या बाजेवर आडवी झाली.

गाडी सुटली. पुढचं इंजिन वळणावरून गेलं, मधलं गेलं, मधले वजनाचे डबे मुकाट्यानं गेले.

"आली की वो!" रायबा ओरडला. "अन्वरभाई, बांधा बिऱ्हाड!"

आणि शेवटचे डबे धाडकन आडवे झाले.

"अरेरे!" दानिश उभा राहिला. "होतच आलं होतं, अब्बा!"

अन्वरभाईंनी बटण बंद केलं. पडलेला एकेक डबा उचलून हातावर तोलून बघितला. "कशानं पडली? काल तर फिरली. रूळ बरोबर हाय, वजन बरोबर हाय..."

"वजन म्या काढलं," बाजेवरून साबिरा म्हणाली.

"तू?"

"सकाळी. मागच्या डब्यातलं. मला न्हाई जायचं पुण्याला. हितंच बरं हाय."

अन्वरभाई तिच्याकडं बघत राहिले. रायबानं टोपी काढून डोकं खाजवलं. दानिश मोकळेपणी हसला, बाजेपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "अम्मी, तू पण ना! मी काय जबरदस्ती करतोय का? तुमच्या मनाला येईल तेव्हा या."

"व्हय रे बाळा," साबिरा म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाजेवर आडवं पडलं की टेबलावरचं काहीच दिसत नाही, नुसतं टेबलाखालचं दिसतं. आणि वळणाखाली दानिशचा गुडघा सावकाश वर येऊन फळीला ढुशी देताना तिनं पाहिला होता.