इथल्या मातीतलं

घरातल्या सपाता तिनं दाराच्या फटीत आडव्या घातल्या, दार हलकेच टेकवून पाहिलं आणि मग जिन्याचा कठडा धरला. सातवा महिना आणि तीन मजले. दार बाहेरून किल्लीशिवाय उघडत नसे. किल्ली एकच, आणि ती नवऱ्याच्या खिशातून रोज कामावर जाई.

"दुसरी करून आणतो," असं तो चार महिने म्हणत होता. "पण घाई कसली? एकटी कुठं जाणार आहेस? इथल्या भाषेचा तर आनंदच आहे."

खाली चौकात एक भाजीवाली बसे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची छत्री दिसे आणि छत्रीखालचं हिरवं-तांबडं. दिसे, एवढंच. घरात कपाटभर पुडे होते. सासूबाईंनी तिकडून बांधून पाठवलेली पिठं, वाळवलेल्या भाज्या, कुटून ठेवलेलं काय काय. तिच्या ताटाला पार पुठ्ठ्याचा रंग आला होता. रोज दुपारी सासूबाईंचा फोन यायचा आणि काय खाल्लं याची हजेरी व्हायची. "तिथलं काही तोंडात घालू नकोस गं बाई. परक्या मातीतलं पोटात गेलं, की पोरही परकं निपजतं." बोलणं मायेचं होतं, हीच तर पंचाईत. वैर असतं तर भांडता तरी आलं असतं.

काल मात्र डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि त्या नवऱ्याशी बराच वेळ बोलल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. शेवटी त्यांनी एका कागदावर पान काढलं, पानाखाली फळ काढलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. नवऱ्यानं तो उचलून त्याची घडी केली.

"काय म्हणाल्या?"

"सगळं उत्तम आहे म्हणाल्या."

एवढं लांबलचक बोलणं एवढ्याशा वाक्यात कसं मावलं, याचं तिला घरी येईपर्यंत नवल वाटत राहिलं.

भाजीवाली तिच्या आईच्या वयाची होती. तिनं आधी पोटाकडे पाहिलं. हातातली जुडी बाजूला टाकली, टोपलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली, ओली माती लागलेली जुडी वर काढली. मग एक टोमॅटो बादलीतल्या पाण्यात बुचकळून तिच्या हातावर ठेवला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट नेलं. ती उभ्या-उभ्याच खायला लागली. रस मनगटावरून ओघळत गेला. लाजबीज काही वाटली नाही. दुसरा तिनं न सांगताच उचलला.

पिशवी घेऊन, दर मजल्यावर दम खात ती वर आली, तर दार लागलेलं. सपाता बाहेर भिंतीशी, एकीला एक लावून नीट मांडलेल्या. समोरच्या आजोबांचं काम. जिन्यात कागदाचा कपटा दिसला तरी उचलणारा माणूस तो. भलं करायला गेले बिचारे. त्यांचं दार वाजवायला तिनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. दार उघडलं, तर म्हणायचं काय?

आत फोन वाजू लागला. थांबला. पुन्हा वाजला.

ती पायरीवर बसली. आधी रडू आलं, आणि रडून झाल्यावर सपाटून भूक लागली. तिनं ओढणीनं माती पुसून गाजर खाल्लं, मग दुसरं. जुडीतली कोवळी पानं एकेक करून खुडली आणि तशीच कच्ची चावली. फोन वाजतच होता.

नवरा आला तो एकेक पायरी गाळत. चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता.

"फोन का उचलत नाहीस? आईनं कामावर फोन करकरून माझा जीव खाल्ला! मला वाटलं, तुला काही..." मग त्याची नजर पिशवीकडे गेली. "हे काय? हे इथलं?"

"डॉक्टरीणबाईंनी काढलं होतं ते."

तो खिशात किल्ली चाचपू लागला.

"रक्त कमी आहे म्हणाल्या ना?"

"तू घाबरली असतीस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आणि आईला कळलं असतं तर तिनं तिकडे अन्नपाणी सोडलं असतं. मी कुणाकुणाला सांभाळू, सांग?" त्यानं किल्ली काढून दार उघडलं आणि पाठीनं धरून ठेवलं. "चल, आत चल. लोक बघतील."

ती उठली नाही.

"रक्ताला इथं काय म्हणतात?"

"आता?"

"आता."

त्यानं सांगितलं. तिनं म्हणून पाहिलं. शब्द जिभेवर वेडावाकडा फिरला. तिसऱ्यांदा बरा आला.

"आणि कमी?"

तेही त्यानं सांगितलं. तिनं दोन्ही शब्द एकापुढे एक ठेवून म्हटले. समोरच्या दाराआड आजोबा खोकले.

"पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही बाहेर बसायचं," ती म्हणाली. "मला आत एकटीलाच जायचंय. एकटीला काय म्हणतात?"

तो शब्द मात्र त्याला काही केल्या आठवेना.