मांडी मात्र माझी

“कॅन्सरला मी चारी मुंड्या चीत केलंय!” नातीच्या उष्टावणाला जमलेल्या सोयऱ्यांपुढे त्र्यंबकरावांनी गर्जना केली आणि तडक संडास गाठला.

प्रोस्टेटमध्ये तांदळाएवढे किरणोत्सर्गी दाणे बसवल्यापासून लघवी त्यांची मालकीण झाली होती. ती हाक मारी, हे धावत. तेही एकवेळ चाललं असतं. पण डॉक्टरांनी दोन महिने नातीला मांडीवर घ्यायलाही बंदी घातली. सुनेनं खुर्चीभोवती लक्ष्मणरेषा आखायचीच तेवढी बाकी ठेवली होती.

बंदी उठली आणि त्यांनी लगोलग मुहूर्त काढायला लावला.

“बाबा, उष्टावणात मान मामाचा असतो,” सून म्हणाली.

“मग खीर भरवू दे की मामाला. मांडी मात्र माझी!”

अखेर नात मांडीवर आली. तिनं त्यांचं बोट मुठीत घट्ट पकडलं. मामानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवली. तेवढ्यात त्र्यंबकरावांचा चेहरा ताणला गेला, ओठ थरथरले. आजोबा गहिवरले असंच सगळ्यांना वाटलं. बायकोनं तर पदर डोळ्यांना लावला.

“रडतेस काय?” ते दात आवळून तिच्याकडे बघत पुटपुटले. “हिला धर जरा. जाऊन येतो.”