वहीतल्या दोन खुणा

“तुझ्या डोळ्याला पाणी फार जवळ गं,” सासरी पाठवताना आई म्हणाली होती. आज दवाखान्यात तोच आवाज कानात होता, आणि शेजारी नवरा माझ्या गोळ्यांची वही डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवत होता.

“मार्चपासून उदासीची गोळी. झोप जास्त, वजन चार किलो वाढलं, पण रडणं बंद. जूनपासून ती थांबवून लक्ष लागायची गोळी. तोंड कोरडं, छातीत धडधड, पण कामाचा उरक बघा मॅडम.”

“भूक कशी आहे?” बाईंनी मला विचारलं.

“निम्मी,” हे म्हणाले.

“आणि झोप?”

“पाच तास.” पुन्हा हेच. आता माझी शिंकही हेच देणार, असं वाटलं.

“दोन्हींत जास्त गुण कशानं आला?”

ह्यांनी वही पुढे सरकवली. चांगल्या दिवसापुढे एक बरोबरची खूण, फार चांगल्यापुढे दोन. दोन खुणांचे दिवस दोनच होते. मी वही ओढून घेतली.

“सतरा एप्रिलला माझी आई गेली. मी तिच्या उशाशी कोरडी बसले होते. इथं लिहिलंय, ‘रडली नाही’, आणि दोन खुणा. जूनमध्ये तिची सगळी लुगडी मी एका दुपारीत घड्या घालून वाटून टाकली. एकाचाही वास घेतला नाही. त्याच्याही दोन खुणा.

बाई, मला आईसाठी रडायचंय. ते कुठल्या गोळीवर जमेल, तेवढं सांगा.”