भरलेली विहीर

टँकर रंगनाथच्या विहिरीत रिकामा होत होता आणि साळूबाई कमरेवर हंडा घेऊन काठाशी उभी होती.

"भावजी, माझ्या घरात डाळ शिजवायला पानी न्हाई, आन तुमी हिरीत वतताय व्हय?"

साळूबाई त्याची थोरली भावजय. रंगनाथनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"पाहुणे गेले की समदं पानी गावाचंच हाय, वैनी. सायबांनी शब्द दिलाय. सांजच्याला हंडे घेऊन या."

"तवर पोरांनी काय थुंकी गिळायची?"

साळूबाईच्या मागं आणखी बाया होत्या. सगळ्यांचे हंडे रिकामे होते, कारण आठवडाभर पुरवायचं म्हणून पारनेरहून आलेलं गावाचं पिण्याचं पाणी कालपासून याच विहिरीत पडत होतं.

दोन वर्षांपूर्वी ही विहीर तुडुंब होती. तेव्हा कुणी साहेब येऊन तिचा फोटो काढून गेले. तो फोटो दिल्लीला पोचला, आणि भारत बघायला येणाऱ्या नेपाळच्या गावप्रधानांना दाखवायच्या विहिरींत रंगनाथच्या विहिरीचा नंबर लागला. मधल्या काळात दुष्काळ पडला, विहीर आटली, गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. पण हे दिल्लीला कळवायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यापेक्षा विहिरीत पाणी ओतणं सोपं, असं वरच्यांना वाटलं असावं.

"त्यांच्याकडं चीननं रस्ता बांधून दिलाय," विस्तार अधिकारी शामकांतराव म्हणाले होते. "आपण तिथं विहिरी बांधून देतोय. आपलीच कोरडी दिसली तर देशाची अब्रू जाईल, रंगनाथ."

देशाच्या अब्रूपुढं रंगनाथ काय बोलणार? तो हो म्हणाला. म्हणताना त्याची छाती जरा फुगलीही होती. आता बायांच्या नजरेसमोर उभं राहताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हं चढल्यावर जीप आली. शामकांतराव उतरले, फोटोवाला उतरला, आणि त्यांच्यामागं नेपाळी टोपी घातलेला, साठीकडं झुकलेला एक बुटका माणूस. हर्कबहादूर. डोंगराच्या पायथ्याच्या कुठल्याशा गावाचा प्रधान. बाकीचे प्रधान दुसऱ्या गावाला गेले होते. त्याचं हिंदी सावकाश होतं, सगळ्यांना समजत होतं.

घरात थोरली म्हणून साळूबाईनंच त्याला ओवाळलं. मग रिवाजाप्रमाणं पायांवर पाणी घालायला तिनं तांब्या उचलला, तसे पाहुण्यानं पाय मागं घेतले.

"राहू द्या, ताई. पाय स्वच्छ आहेत."

त्यांच्यात पद्धत नसेल, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं.

हर्कबहादूर विहिरीच्या काठावरून बराच वेळ आत बघत राहिला. पाणी गढूळ होतं आणि त्याच्या वरचे दगड पांढरेफटक कोरडे होते. मग शामकांतरावांनी आग्रह केला म्हणून चार शब्द बोलला.

"तुमच्या सरकारनं आमच्या गावालाही विहीर दिली. तिच्यावर आमची भाताची शेती पिकते. आमच्या पोरी आता नदीवर जात नाहीत. तुमचे उपकार आहेत."

टाळ्या पडल्या. शामकांतरावांनी रुमालानं डोळे पुसले. रंगनाथनं मात्र मान खाली घातली. तिकडं परक्या मुलखात आपल्या देशाची विहीर खरीखुरी वाहतेय, आणि इथं आपण त्याच देशाच्या नावानं सोंग मांडलंय. त्याला स्वतःची किळस आली.

"रंगनाथ, इंजिन लाव," शामकांतराव म्हणाले. "पाणी शेतात पडताना फोटो पाहिजे."

"सायेब, ह्ये ठरलं नव्हतं."

"दोन मिनिटांचं काम आहे. पाहुण्यांसमोर घोळ घालू नकोस."

रंगनाथनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि गावाचं पिण्याचं पाणी पाटातून भेगाळलेल्या वावरात पडू लागलं. पडेल तसं जमीन ते गिळत होती. साळूबाईनं हंडा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

"थांबा हं, रीळ बदलतो," फोटोवाला म्हणाला.

पाणी वाहतच राहिलं. बंद करतो, एवढे दोन शब्द रंगनाथच्या तोंडातून निघेनात.

"आमच्याकडं हेच इंजिन आहे," म्हणत हर्कबहादूर पुढं झाला आणि इंजिनाजवळ उकिडवा बसला. थोड्याच वेळात इंजिन खोकलं, गचके देत बंद पडलं.

"काय झालं?" शामकांतराव ओरडले.

"हवा धरली," पाहुणा म्हणाला. "आता लवकर चालायचं नाही. असू द्या साहेब, मी पाहिलं सगळं."

रंगनाथ वाकला. डिझेलचा कॉक कुणीतरी फिरवून बंद केला होता. त्यानं वर पाहिलं. हर्कबहादूर विजारीला हात पुसत होता.

"व्हय सायेब," रंगनाथ मोठ्यानं म्हणाला, "हवाच धरलीय."

शामकांतराव चिडून फोटोवाल्याला घेऊन जीपकडं निघाले. पाहुण्याला बांधावरून न्यायला रंगनाथ मागं राहिला. त्याच्यानं राहवेना. हात जोडून तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला,

"तुमी वळखलंत. लई लाज वाटती, दादा. तुमची हीर खरी, आन आमची ही असली."

हर्कबहादूरनं जीपकडं एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या विहिरीला पहिल्या वर्षापासून पाणी नाही. तुमचे साहेब बघायला यायचे असले की आदल्या दिवशी नदीवरून पाणी आणून ती मीच भरतो."