करंट

रिटायर लाइनमन ताराचंद दर शनिवारी आमगावच्या सायबर कॅफेत यायचा आणि मुलाच्या जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीचं पान उघडायला लावायचा. संघदीप तिथे क्वांटम प्रकाशावर संशोधन करणाऱ्या गटात होता. कॅफेवाली रश्मी गटाच्या ताज्या बातम्या वाचून दाखवायची. बक्षीस मिळालं, नवा लेसर आला, प्रकाशाचा एक कण वेगळा पकडला.

“एकच? आन् येवढे लोकं लागले?” ताराचंद म्हणायचा. “आमी एका फ्यूजात अख्खं गाव उजळवत होतो.”

मग तो सदस्यांच्या यादीवर बोट ठेवायचा. वर इंग्रजीत ‘करंट’ लिहिलेलं असायचं. त्याचा अर्थ ‘सध्याचे’ असा होतो, हे रश्मीने दोनदा सांगून पाहिलं होतं. पण नोकरीत अक्षरांवरून ओळखायला शिकलेला तो एकच इंग्रजी शब्द ताराचंद आपल्याच अर्थाने वाचायचा. त्याखाली तिसरं नाव संघदीपचं. “पोरगा करंटात आहे,” म्हणत तो खुशीत निघायचा.

त्या शनिवारी पान बदललेलं होतं. ‘करंट’खाली संघदीप नव्हता. सगळ्यात शेवटी त्याचा फोटो होता, आणि वर लिहिलं होतं, ‘स्मरणार्थ’. रश्मीने घाईघाईने स्क्रीन बंद केला.

“काका, लाइन गेली.”

ताराचंदने डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

 

“लाइन तं सात महिन्याआधीच गेली, माय. नागपूरच्या विमानतळावरून अस्थी मीच आणल्या. पण तुह्या मशीनवर अजून करंट दाखवून राहिला होता.”