सांता इनेसची वाटी

हरीशने तीच हकीकत पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तेव्हा इंद्रनील उठून स्वयंपाकघरात गेला.

बाहेर आयर्लंडमधल्या एनिस गावातली सगळी मराठी मंडळी भेळेच्या बशा हातात धरून ऐकत होती. चारशे वर्षांपूर्वी गोव्याहून लिस्बनला निघालेलं पोर्तुगीज जहाज वादळात भरकटतं काय, इथल्या क्लेअरच्या किनाऱ्याशी येऊन बुडतं काय, आणि सापडतं कुणाला, तर शॅननच्या कारखान्यात स्टेंट तपासणाऱ्या हरीशला! ‘सांता इनेस’च्या पोटात चिनी मातीची भांडी होती आणि पोत्यांनी मिरी होती. बुडाली ती समुद्रात. झोंबत होती इंद्रनीलच्या नाकाला.

समुद्रात उतरायचा डायव्हिंगचा कोर्स त्याने आणि हरीशने मिळूनच लावला होता. इंद्रनीलचा कान दुखला आणि त्याने दुसऱ्याच दिवशी तो सोडला. कान दुखला नसता तर रेडिओवर आपण बोललो असतो, बॉल्सब्रिजला भारतीय वकिलातीत हरीशच्या सत्काराची ती शाल आपल्या खांद्यावर पडली असती, असं तो रोज आंघोळ करताना स्वतःला सांगायचा. आणि रोज नव्याने जळायचा.

“ग्लास कुठे ठेवलेत रे?” त्याने ओरडून विचारलं.

“वरच्या प्रेसमध्ये!” इतकी वर्षं आयर्लंडमध्ये काढून हरीशही कपाटाला प्रेस म्हणायला लागला होता.

इंद्रनीलने कपाट उघडलं ते नेमकं दुसरंच. तुरीच्या आणि मुगाच्या डब्यांमागे पेपर नॅपकिनमध्ये काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याने उलगडून पाहिलं. पांढरीशुभ्र, पातळ वाटी. तिच्यावर निळा, लांब शेपटीचा पक्षी, मान मागे वळवलेला.

तो पक्षी त्याने लगेच ओळखला. जहाजातून वर काढलेल्या वस्तू जिथे साफ करतात, त्या शेडमध्ये स्मृती, म्हणजे त्याची बायको, दर शनिवारी मदतीला जायची. खापऱ्या धुवायची आणि घरी येऊन त्यांचे फोटो दाखवायची. प्रत्येक खापरीवर याच पक्ष्याचा कुठे पाय, कुठे चोच. अख्खी वाटी अजून एकही मिळाली नाही, असं तीच म्हणाली होती. आणि सापडलेला साधा खिळासुद्धा सरकारचा, घरी नेला तर गुन्हा, हेही तिनेच सांगितलं होतं.

इंद्रनीलने वाटी जशीच्या तशी गुंडाळून ठेवली. बाहेर येऊन तो हरीशच्या गोष्टीला सगळ्यांपेक्षा जास्त हसला.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “काय मिरवतो ना हा हरीश!”

“मग जातोस कशाला ऐकायला?” स्मृती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मला तर त्याचं नाव ऐकलं तरी डोकं उठतं. घरी तरी नको काढूस.”

इंद्रनीलला बरं वाटलं. अख्खं गाव हरीशच्या नादी लागलं होतं, पण आपली बायको काही वाहवत गेली नव्हती. आज एवढ्या गर्दीतही ती कोपऱ्यात फोन बघत बसली होती. हरीश ताट घेऊन समोर आला, तर तिने मान वर करून पाहिलंही नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन लावला. आवाज जाड केला. नाव सांगितलं नाही. हरीशचा पत्ता सांगितला, कपाट सांगितलं, डाळीचे डबेही सांगितले.

फोन ठेवल्यावर त्याला आठवलं, कान दुखला त्या दिवशी हरीशनेच त्याला दवाखान्यात नेलं होतं, तासन् तास शेजारी बसून राहिला होता. फोन करायला नको होता, असं क्षणभर वाटलं. मग त्याने रेडिओ लावला. रेडिओवर हरीश बोलत होता.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी अभिजितचा फोन आला. हा त्यांच्यातलाच, हरीशच्या शेजारी राहणारा. इंद्रनील नुसता “अरे बापरे” आणि “कसं शक्य आहे” म्हणत राहिला. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा स्मृती पोळ्या लाटत होती.

“ऐकलंस का? हरीशकडे गार्डा आले होते,” त्याने चेहरा होईल तेवढा पाडला. “जहाजातली वाटी सापडली घरात. चोरून आणलेली.”

स्मृतीचं लाटणं थांबलं.

“घेऊन गेलेत त्याला. आता नागरिकत्वाचा अर्ज बोंबलला समज. नोकरीचंही खरं नाही. एवढा शहाणा माणूस, पण हाव सुटत नाही बघ.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणणार काय? कबूल केलं. मीच समुद्रातून आणली, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही, एवढंच म्हणतोय म्हणे. अभिजित म्हणाला वकील बघू, तर नको म्हणाला.”

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. स्मृतीने गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले, दारामागचं जॅकेट काढून अंगात घातलं.

“आता कुठे निघालीस?”

“गार्डा स्टेशनला.”

“त्याच्यासाठी?” इंद्रनीलला हसूच आलं. “अगं, तुला तर त्याचं नाव काढलेलं खपत नाही!”

स्मृतीने गाडीची किल्ली उचलली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“वाटी त्याने नाही आणली, इंद्रनील. शेडमधून मी आणली, त्याला द्यायला. तो मरेल, पण माझं नाव घेणार नाही. म्हणून मलाच जायला हवं.”