पाकीट आणि तीन शाली

पाच वाजून पाच मिनिटांनी तहसीलदार कदिरवेल यांनी आज निवृत्त होणाऱ्या तिलकवतीच्या गळ्यात हार घातला. घालताना डावा हात त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला होता. बघणाऱ्याला वाटावं, साहेबांना गहिवरून आलं. छातीवर खिसा होता आणि खिशात तिच्या निलंबनाचं पाकीट होतं.

कचेरीतल्या चौतीस माणसांना हे ठाऊक होतं. सकाळी टपाल आत नेणाऱ्या मुनियांडी शिपायाने तिच्या टेबलावर फायली ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं, "अक्का, आलंय. साहेबांनी खिशात घातलं." तरी दुपारी सगळ्यांनी केळीच्या पानावरचं पायसम ओरपलं आणि तिला दीर्घायुष्य चिंतलं. वर्गणी आधीच गोळा झाली होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पावणेसहाला कचेरी सुटली की माणूस निवृत्त. मग त्याला निलंबित करता येत नाही. पण पावणेसहाच्या आत कागद पोचला तर निवृत्तीच थांबते, आणि चौकशी संपेपर्यंत माणूस ना आत, ना बाहेर. याच कचेरीतले सुब्बय्या असे अकरा वर्षं लोंबकळले. निर्दोष असल्याचा हुकूम शेवटी त्यांच्या फोटोपुढे ठेवावा लागला. तिने घरी बसून राहावं, तर कागद दाराला चिकटवून पोचला म्हणतात. आणि साहेबांनी सकाळीच हातात द्यावा, तर बाई संध्याकाळच्या आत हायकोर्टातून स्थगिती आणायची. म्हणून कागद द्यायचा तो हाराच्या मागोमाग, अगदी शेवटी. कदिरवेल यांनी असा तिघांना निरोप दिला होता.

तिलकवतीचा गुन्हा तीन शब्दांचा होता. आमदाराच्या मेव्हण्याला गावतळ्याची जागा कोरडी जमीन म्हणून हवी होती. तिने फायलीवर शेरा मारला होता, 'इथे पाणी आहे.'

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेपाचला आपलं अध्यक्षीय भाषण, त्याच्या शेवटी पाकीट, असा बेत होता. तेवढ्यात कर्मचारी संघटनेचे चिटणीस पेरुमाळसामी माइकपाशी गेले. सकाळी तिलकवतीने त्यांना एवढंच सांगितलं होतं, "अण्णा, माझ्याबद्दल काही बोलू नका. साहेबांबद्दल बोला. आणि रीतसर बोला."

रीतसर म्हणजे व्यासपीठावरच्या प्रत्येकाला त्याच्या पदव्यांसकट वंदन. नुसतं नाव घेतलं तर माणूस वर्षभर बोलत नाही. पेरुमाळसामी डावीकडून सुरू झाले आणि सोळा मिनिटांनी मधल्या खुर्चीपर्यंत पोचले.

"तळ्यांचे रक्षक," ते म्हणाले, "गरिबांची सावली, कायद्याचा सिंह, आपल्या तालुक्याचा न मावळणारा सूर्य..."

सूर्याचा हात खिशाकडे गेला.

"अशा साहेबांना शाल घातल्याशिवाय पुढचा शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाही."

शाल घ्यायची तर दोन्ही हात जोडावे लागतात. साहेबांनी जोडले. शाल खांद्यावरून छातीवर आली, खिसा झाकला गेला. मग भूमापन शाखेची शाल आली. मग पुरवठा शाखेची. मे महिना होता आणि डोक्यावरचा पंखा आवाजापुरता फिरत होता.

"याला आवरा हो," साहेब तिच्याकडे झुकून पुटपुटले.

"मी कशी आवरू, साहेब? तुमचंच कौतुक चाललंय. अजून तर ते नमस्कारच करताहेत."

साहेब अर्धे उठले. साहेबांना भरून आलं, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा पाच बत्तीस झाले होते. त्या क्षणी ते पुरते उठले असते तर काम झालं असतं. पण पेरुमाळसामी नेमके म्हणाले, "ज्यांना आजपर्यंत कलेक्टर न करणं हे सरकारचं पाप आहे..." या वाक्याच्या पुढे काय येतं ते साहेबांना ऐकायचं होतं. ते बसले.

पुढे बरंच आलं.

मुनियांडीने पावणेसहाची घंटा वाजवली आणि अर्जांची खिडकी ओढून घेतली. खिडकीबाहेर दुपारपासून एक म्हातारा दाखल्याचा कागद धरून उभा होता. तो हलला नाही.

"एवढं वंदन करून," पेरुमाळसामी म्हणाले, "मी विषयाकडे वळणार होतो. पण वेळ झाली."

साहेबांनी तिन्ही शालींखाली हात घालून पाकीट उपसलं. ते घामाने पापडाच्या लाटीसारखं मऊ झालं होतं.

"हे घ्या, पोच द्या," ते म्हणाले. "वेळ साडेपाच घाला. सगळ्यांच्या देखत दिलंय. काय हो, दिलंय ना साडेपाचला?"

चौतीस जणांपैकी एकही बोलला नाही. दुपारी पायसम खातानाही त्यांनी असंच तोंड मिटून ठेवलं होतं. त्यांच्यात काडीचाही फरक पडला नव्हता, फक्त आता ते तिच्या उपयोगी पडत होतं.

तिलकवतीने हार काढून खुर्चीवर ठेवला. पर्स उचलली. साहेबांचा हात अजून पुढेच होता. तिने त्या पाकिटाकडे खिडकीवरच्या तेहतीस वर्षांच्या सवयीने पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही.

"वेळ संपली," ती म्हणाली. "उद्या या."

खिडकीच्या फटीतून म्हातारा खो खो हसला. ते वाक्य त्याला तोंडपाठ होतं. साहेबांनाही ते ऐकवता येतं, हे मात्र त्याला माहीत नव्हतं.